परतणाऱ्याची नजर

काशी हिंदू विश्वविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला रविवारची मोकळीक मिळाली, की गंगेच्या वरच्या अंगाला सुमारे ४० किलोमीटरवर असलेले चुनार त्याला खुणावू लागते. सकाळी निघावे, टेकडीवरचा किल्ला पाहावा, चुनारच्या कुंभारांकडून एखादे मातीचे भांडे विकत घ्यावे आणि दिवेलागणीच्या सुमारास वसतिगृहात परतावे, इतका हा सरळ बेत असतो. पाहण्यासारखेही तेथे पुष्कळ आहे. नदीच्या अंगावर झुकलेला वालुकाश्माचा खडक, पावलाच्या आकारावरून त्याला मिळालेले ‘चरणाद्री’ हे जुने नाव, भर्तृहरीची म्हणून दाखवली जाणारी समाधी, शेरशहा आणि हुमायून यांच्या संघर्षाची स्मृती. सारनाथच्या सिंहशीर्षाचा दगड याच परिसरातील खाणींतून गेला, असे अभ्यासक मानतात. तटावर उभे राहिले, की खाली गंगेचे विस्तीर्ण पात्र दिसते आणि दिवसाचे सार्थक झाले असे वाटते.

हे सार्थक नेमके कशाचे, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. एका दिवसाच्या प्रवाशावर उथळपणाचा आरोप नेहमी होतो. स्थळ कळायला तेथे राहावे लागते, असे म्हटले जाते. परंतु मुक्कामाची लांबी हे जाणिवेचे माप खरोखर आहे काय? चुनारच्याच तटांच्या आत सुमारे दहा वर्षे राहिलेल्या एका मराठी माणसाची हकीकत या समजुतीला छेद देते.

त्रिंबकजी डेंगळे हा मूळचा जासूद. दुसऱ्या बाजीरावाच्या कृपेने तो पेशव्यांच्या कारभारात सर्वाधिक वजनदार माणूस झाला. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. शास्त्र्यांच्या सुरक्षिततेची हमी इंग्रजांनी दिलेली होती. खुनाचा ठपका त्रिंबकजीवर आला. एल्फिन्स्टनच्या दडपणाखाली बाजीरावाने त्याला स्वाधीन केले आणि त्याची रवानगी ठाण्याच्या किल्ल्यात झाली. १८१६ मध्ये तो तेथून निसटला. घोड्याची चाकरी करणाऱ्या एका माणसाने गाण्यातून त्याला सुटकेचा बेत कळवला, अशी कथा सांगितली जाते. १८१८ मध्ये तो पुन्हा पकडला गेला, आणि या वेळी त्याला स्वदेशापासून शेकडो कोस दूर, चुनारला ठेवण्यात आले. १८२९ मध्ये तो तेथेच मरण पावला. त्याचा धनी याच गंगेच्या काठी, आणखी वर ब्रह्मावर्तास, सालीना आठ लाखांच्या तनख्यावर १८५१ पर्यंत जगला.

तटावर उभ्या असलेल्या मराठी विद्यार्थ्याला ही हकीकत आठवली, तर पहिली ऊर्मी ‘आपला माणूस’ अशीच उठेल. परक्यांनी कोंडलेला, ठाण्याची भिंत ओलांडणारा हा पुरुष त्याला क्षणात नायक वाटू लागेल. परंतु पंढरीच्या वाटेवर ज्याचे रक्त सांडले, तो शास्त्रीही मराठीच होता. ‘आपलेपणा’ हीच कसोटी मानली, तर ती दोघांनाही सारखीच लागू पडते आणि कशाचाच निवाडा करीत नाही. याच्या उलट, ‘केले तसे भरले’ असे म्हणून मोकळे होणेही तितकेच सोपे आहे. मात्र या आरोपाची उघड न्यायासनापुढे रीतसर शहानिशा झाली नव्हती, आणि तो ठेवणारी सत्ता स्वतः या प्रकरणातील एक पक्ष होती. तेव्हा निर्दोष ठरवण्याची घाई आणि दोषी ठरवून विसरण्याची घाई, या दोन्ही घाया एकाच जातीच्या आहेत. दोहोंतही प्रश्न मिटवून परतीची वाट धरण्याची उतावीळ असते.

या ठिकाणी आणखी एका प्रवाशाचे स्मरण उपयोगी पडते. १८२४ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर चुनारवरून गेले. तेही मोजक्या वेळाचेच पाहुणे. कैद्याविषयी त्यांना फारशी सहानुभूती नव्हती. त्याच्यावरील आरोप ते खराच मानत होते. तरीही त्यांच्या प्रवासवृत्तान्तात अंगावर मळके वस्त्र घेतलेला तो ठेंगणा, चपळ, चिडखोर चेहऱ्याचा माणूस आला आहे. त्याच्यावरचा अहोरात्र पहारा आला आहे. आणि पिंपळाच्या सावलीत त्याने लावलेली लहानशी बागही आली आहे. त्या बागेत तेरडा होता.

महाराष्ट्रात भाद्रपदात गौरी म्हणून अनेक घरांत आणला जातो, तोच तेरडा. त्याचा रंग तीन दिवसांचा, असे आपली म्हण सांगते, आणि ती सहसा चंचल माणसाला टोमणा म्हणून वापरली जाते. दर पावसाळ्यात तीन दिवसांचा रंग पुन्हा उगवावा म्हणून बी पेरणाऱ्या कैद्याच्या हाती गेल्यावर मात्र तिचा अर्थ पालटतो. ही बाग शास्त्र्यांच्या खुनाविषयी काहीच सिद्ध करीत नाही. कैद्याच्या मनात कोणती आठवण होती, तेही सांगत नाही. शिक्षा भोगणारा माणूस त्याच्यावरील आरोपाहून मोठा असतो, एवढेच ती दाखवते. हेबरना ते दिसले, याचे कारण त्यांनी आपले मत बदलले हे नव्हे. मत कायम ठेवूनही त्यांनी पाहणे थांबवले नाही.

एका दिवसाच्या प्रवाशाचे दायित्व यापेक्षा वेगळे नसावे. त्याने सौंदर्य नाकारून खंत करीत हिंडावे, असे कोणीच म्हणणार नाही. गंगेचे पात्र पूर्वीइतकेच विस्तीर्ण आहे आणि त्याचा आनंद घेण्यात पाप नाही. फक्त हा आनंद परतीच्या खात्रीवर उभा आहे, याचे भान त्याने ठेवावे. ज्या उंचीवरून नदी त्याला रम्य दिसते, तीच उंची एका माणसाला अडवून ठेवण्यासाठी उपयोगी पडली होती. आणि त्या माणसाचे नाव घेताना पंढरपूरहून घरी न परतलेल्या दुसऱ्याचे नावही गाळता येत नाही.

मराठी मुलखातून जन्माची पुंजी बांधून लोक काशीला यायचे, ते या पाण्याच्या ओढीने. चुनारखालून वाहणारे पाणी तसेच पुढे काशीच्या घाटांना लागते. कैद्याला ते पाणी दिसत असले, तरी त्याच्या वाटेने जाता आले नाही. विद्यार्थी संध्याकाळी त्याच वाटेने निघतो, आणि अंधार पडण्यापूर्वी घाटांवरचे दिवे त्याच्या दृष्टीस पडतात.