रस्त्याचा हक्क

अपघातात कुणी दगावले की मयतीच्या घरी एक वाक्य हमखास कानी पडते, ‘त्याची तेवढीच होती.’ मृत्यूची वेळ अल्लाहच्या हाती आहे ही आपली श्रद्धा. दुःखात बुडालेल्या घराला तिचा आधार असतो आणि तो कुणी काढून घेऊ नये. पण हेच वाक्य गाडी चालवणाऱ्याने उच्चारले की त्याचा अर्थ पालटतो. आईच्या तोंडी तो सब्र असतो. चालकाच्या तोंडी ती सबब होते. मग तकदीर मानणाऱ्या माणसाने अपघाताची जबाबदारी कुणाची समजायची?

कुरआनने हा प्रश्न मोघम सोडलेला नाही. सूरह निसाच्या ९२व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येचा स्वतंत्र विचार आहे. हेतू नव्हता, म्हणून तो खून नव्हे. तरीही मृताच्या वारसांना दियत द्यायची आणि एका श्रद्धावान गुलामाला मुक्त करायचे. ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे धरायचे. वारस दियत माफ करू शकतात, पण कफ्फारा उरतोच. ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून हात झटकायची मुभा तेथे नाही. चूक नकळत झाली तरी गेलेला जीव नकळत गेला असे होत नाही.

रस्त्यालाही हक्क असतो, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे. रस्त्यावर बसणाऱ्यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्याचा हक्क अदा करायला सांगितले: नजर खाली ठेवा, कुणाला इजा करू नका, सलामाला उत्तर द्या. वाटेतला अडथळा दूर करणे हा तर ईमानचाच एक भाग मानला गेला. नुसत्या बसणाऱ्यावर एवढे बंधन असेल, तर टनभर वजनाचे लोखंड घेऊन धावणाऱ्यावर किती असेल?

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत पादचारी ३२,८२५ होते, म्हणजे रोज सुमारे नव्वद. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढे अंतर संपते. तीसच्या वेगाने बसणाऱ्या धक्क्यापेक्षा पन्नासच्या वेगाच्या धक्क्यात पावणेतीनपट जोर असतो. पायी चालणाऱ्याकडे या जोरापुढे अंगावरच्या कपड्यांपलीकडे काही नसते. ज्याच्या हाती जोर अधिक, त्याच्यावर जबाबदारी अधिक, हा न्याय समजायला मोठे इल्म लागत नाही.

पादचाऱ्यालाही सूट नाही. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, अशी आज्ञा आहे. कानाला फोन लावून सिग्नल तोडणारा तिची अवज्ञा करतो. परंतु त्याला दोष देण्याआधी त्याच्या चालण्याची जागा कुणी घेतली ते पाहावे. जुम्याच्या दिवशी मशिदीबाहेर फूटपाथवर आडव्यातिडव्या लागलेल्या मोटारसायकली आपल्याच असतात. आत आपण सफ सरळ करतो. बाहेर एखादी म्हातारी त्या गाड्यांना वळसा घालून बसच्या पुढ्यात उतरते. मुंबईत शब-ए-बरातच्या रात्री पोरांनी गाड्या पळवू नयेत म्हणून पोलिसांना आणि उलेमांना वर्षानुवर्षे आवाहने करावी लागली आहेत. मगफिरतीची रात्र, आणि मोहल्ल्यात जनाजा उठण्याची धास्ती! सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती कौतुकाने किल्ली देणारा बाप तर कायद्यानेही सुटत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या अपराधासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

कैद आणि दंड ही दुनियेची बाब झाली. आपल्या श्रद्धेत हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असा भेद आहे. अल्लाहचा हक्क चुकला तर तौबा करता येते. माणसाचा हक्क बुडवला तर माफी त्याच माणसाकडे मागावी लागते. एरवी हे कर्ज फेडायला आयुष्य पडलेले असते. गाडीखाली सापडलेल्याकडे मात्र माफ करायलाही वेळ उरत नाही. जुम्याच्या खुत्ब्यात वुजूचे बारकावे समजावले जातात, ते योग्यच आहे. त्यासोबत कधीतरी ब्रेक, वेग आणि फूटपाथ यांचाही विषय निघावा. नमाज संपवून बाहेर पडणाऱ्याला जी पहिली अमानत भेटते, ती रस्ताच आहे.