कीड आणि कूळ

तांदूळ निवडताना सोंडकिडा दिसला की गृहिणी 'कीड लागली' म्हणते. भाईंदरच्या केबिन रोडवरील बिऱ्हाड असो की कोकणातील खेडे असो, निवाडा एकच. परंतु 'कीड' हे त्या प्राण्याचे नाव नव्हे. तो आपण त्याच्यावर ठेवलेला आरोप होय. उलट मृगाच्या तोंडावर सह्याद्रीत झाडे उजळून टाकणाऱ्या काजव्याचे आपण कौतुक करतो. वस्तुतः दोघेही एकाच गणातील, म्हणजे भुंगेऱ्यांपैकीच आहेत.

या गणाच्या ग्रीक नावाचा अर्थ 'म्यानपंखी'. पुढचे पंख कठीण होऊन मागच्या नाजूक पंखांवर म्यानासारखे बसतात, हे त्याचे मुख्य लक्षण. आजवर त्याच्या सुमारे ४ लाख जाती नोंदल्या गेल्या आहेत. ज्ञात प्राणिजातींचा हा जवळजवळ चौथा हिस्सा. १७६३ साली लिनीयसने सोंडकिड्यास शास्त्रीय नाव दिले. वर्गीकरण करणारा पंडित एवढेच विचारतो की, याचे अंग कसे घडले आहे, आणि याचे आप्त कोण? हा माझ्या उपयोगाचा आहे काय, हा प्रश्न त्याच्या दप्तरी नाही.

मग कूळ कळले म्हणजे आचरणही कळले काय? सात ठिपक्यांचा ढालकिडा पिकावरील मावा खाऊन शेतकऱ्यास साह्य करतो. त्याच्याच कुळातील अठ्ठावीस ठिपक्यांचा भाऊबंद वांग्याबटाट्याची पाने कुरतडतो. रूप सारखे म्हणून दोघांसही चिरडणारा शेतकरी आपल्याच हाताने आपला मदतनीस मारतो.

माणसांची प्रतवारी लावताना आपण याहून निराळे काय करतो? आधी आपल्या सोयीगैरसोयीवरून एखाद्यास नाव ठेवतो, आणि मग तेच नाव त्याच्या साऱ्या कुळास जन्माचे चिकटवतो. पहिल्या दोषात स्वार्थ आहे, दुसऱ्यात आळस. आणि दोहोंना मिळून आपण व्यवहारज्ञान म्हणतो.

यावर कोणी विचारील, तर मग तांदूळ किड्यांस खाऊ द्यावा काय? मुळीच नाही. तो निवडावा, पाखडावा. आपल्या अन्नाचे रक्षण करण्यात अधर्म नाही. मात्र सूप हाती घेताना एवढे स्मरावे की, आपण येथे आपली गरज भागवीत आहो, न्यायनिवाडा करीत नाही. गरजेला न्यायाचे नाव दिले की पुढे सुपात माणसे घालावयासही हात कचरत नाही.