पिन लावली का?

मोठेपणाची आपल्या पुराणांतली परीक्षा फार सोपी आहे. काहीतरी अवजड उचलून दाखवायचं. कृष्णाने गोवर्धन उचलला, मारुतीने द्रोणागिरी उचलला, रामाने शिवधनुष्य उचललं. रावणाने कैलास उचलायला घेतला, तेव्हा शंकराने वरून नुसता अंगठा दाबला आणि बिचाऱ्याचे हात खाली अडकले; पण प्रयत्नाबद्दल का होईना, त्याचंही नाव राहिलं. आम्हा मध्यमवर्गीयांच्या नशिबी पर्वत नाहीत. आमच्या वाट्याला गॅसची टाकी येते. आत 14.2 किलो गॅस आणि लोखंडासकट सगळं मिळून तीसेक किलो. ती दारापासून ओट्यापर्यंत एकट्याने नेली, की आम्ही कमरेवर हात ठेवून असे उभे राहतो, की फक्त आकाशातून पुष्पवृष्टी व्हायची बाकी असते. ती होत नाही. आतून "फरशीवर चरा पडला" एवढंच ऐकू येतं.

"मी एकट्याने केलं" या वाक्याला आपल्याकडे भलतीच किंमत आहे. शाळेत मी 'स्वावलंबन' या विषयावर निबंध लिहून दहापैकी सात गुण मिळवले होते. (निबंध मोठ्या भावाने लिहून दिला होता, ही गोष्ट निराळी.) पण एक प्रश्न त्या निबंधात नव्हता, आणि पुढेही बरीच वर्षं मला पडला नाही. एकट्याने केलेल्या कामातला धोका एकट्याचाच असतो का?

हा प्रश्न पडायला दोन गोष्टी घडाव्या लागल्या. पहिली ट्रंकेची, दुसरी स्पीकरची.

ट्रंकेची गोष्ट जुनी. आमच्या आधीच्या घरात माळा होता आणि वडिलांच्या पुस्तकांनी भरलेली एक पत्र्याची ट्रंक होती. ज्ञानाचं ओझं म्हणजे काय, हे ती ट्रंक उचलल्याशिवाय कळत नाही. एका रविवारी मी ती माळ्यावर चढवायचं ठरवलं. सौ. म्हणाली, "शेजारच्या मुलाला हाक मारू का?"

मी म्हणालो, "कशाला? पडलो तर मी पडेन."

वाक्य मोठं बाणेदार होतं. फक्त खोटं होतं. स्टूल एका पायात जरा लंगडं असल्यामुळे ती न सांगता ते धरायला आली. मी ट्रंक डोक्याच्या वर नेली, तिथे ती आणि मी दोघेही क्षणभर विचारात पडलो, आणि मग विचार ट्रंकेने बदलला. मी पडलो नाही. ट्रंक पडली, ती तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर. रावणाच्या गोष्टीत अंगठा पर्वताच्या वर होता. आमच्या गोष्टीत तो खाली होता, एवढाच फरक.

सहा आठवडे तिचा पाय उशीवर होता. नातेवाईक येत, "अगं बाई, कसं झालं?" म्हणून विचारत, आणि ती सगळ्यांना सांगे, "माझ्याच हातून निसटली हो." मी तिथेच असायचो, चहाचा ट्रे हातात धरून. मी काही बोललो नाही. चहा मी केला आहे, एवढं प्रायश्चित्त पुरे, असं मला तेव्हा वाटत होतं.

आता स्पीकर. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव समितीने मला 'ध्वनिव्यवस्था प्रमुख' नेमलं. माझी यातली पात्रता म्हणजे, ज्या बैठकीत नेमणूक झाली तिला मी गैरहजर होतो. प्रतिष्ठापनेच्या दिवशी सातची आरती जाहीर झाली होती. चार वाजता टेम्पो आला आणि त्यातून एकटे मामा उतरले.

मामा म्हणजे आमचे स्पीकरवाले. अख्ख्या पेठेचे ते मामाच. वय पंचावन्नच्या पुढे, अंगकाठी अशी की त्यांचं वजन आणि त्यांच्या एका स्पीकरचं वजन यांत फार तफावत नसावी. नेहमी भाचा बरोबर असतो, तो तापाने आडवा झालेला. टेम्पोत चाळीस-चाळीस किलोचे दोन खोके, त्याहून जड असे बासचे दोन, आणि दोन क्रँकची लिफ्ट. म्हणजे तीन पायांवर उभा राहणारा, नळीतून नळी वर सरकणारा, हँडल मारलं की उंच होत जाणारा लोखंडी खांब.

"एकटेच?" मी विचारलं.

"एकटाच. हे दोन माणसांचं काम आहे काका. एकट्याने करायचं तर त्याला दोन माणसांचा वेळ द्यावा लागतो. आज साडेसात होतील. अध्यक्षांना सांगून ठेवा."

मी सांगितलं नाही. म्हटलं, होईल काहीतरी. 'होईल काहीतरी' हे आपल्या सार्वजनिक जीवनाचं अधिकृत वेळापत्रक आहे.

मी शर्टाच्या बाह्या सारून पुढे झालो. मामा म्हणाले, "तुम्ही हात लावू नका. तुमची कंबर गेली तर मला दोन ओझी उचलावी लागतील."

मग मी नुसता बघत राहिलो, आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस काही उचलतच नाहीये! आधी त्यांनी वर पाहिलं. विजेच्या तारा नाहीत ना, फांदी नाही ना. मग खाली पाहिलं. मी मोठ्या हौसेने खडूने खूण केलेली जागा नेमकी गटाराच्या झाकणावर होती. ती त्यांनी न बोलता चार पावलं सरकवली. पाय पूर्ण उघडले, अडकवले, प्रत्येकाखाली फळकूट सारलं, खांबाला पाणसळ लावून तिचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत पायांचे स्क्रू पिळले. पायांवर वाळूची पोती ठेवली. खोका टेम्पोतून फळ्यांवरून हातगाडीवर सरकला, हातगाडीवरून एकेका कोपऱ्यावर 'चालत' लिफ्टच्या हातांवर गेला. लिफ्ट अगदी खाली होती तेव्हाच. तिथे त्याला बोल्ट लागले, आणि वर एक वेगळी पोलादी तार. ही तार कशाला? तर बोल्ट दगा देतील म्हणून.

मग हँडल. हँडलची गंमत मामांनी मला समजावली ती अशी, की ओझं काही कमी होत नाही, फक्त हप्ते पाडून मिळतात. एका दमात चाळीस किलो तीन मीटर न्यायचे, त्याऐवजी दोनशे वेळा थोडं थोडं फिरवायचं. गृहकर्ज फेडलेल्या माणसाला पदार्थविज्ञानाचा हा नियम लगेच पटतो. वीतभर वर नेऊन त्यांनी थांबवलं, खांब हलवून पाहिला, पुन्हा पाणसळ पाहिली, आणि मग पुढे. 'टक्' आवाज येऊन ब्रेक बसल्याशिवाय हँडलवरचा हात सुटला नाही.

"एवढं उंच न्यायचंच कशाला?" मी विचारलं. जमिनीवर ठेवलं तर निम्मं काम वाचेल, हा माझा शास्त्रीय दृष्टिकोन.

"खाली ठेवलं तर पुढच्यांचे कान फुटतात आणि मागच्यांना काही ऐकू येत नाही. मग मागचे ओरडतात, आवाज वाढवा. मग पुढच्यांचे कान आणखी फुटतात."

हेही खरंच होतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने घटतो, आणि पहिल्या रांगेतली डोकी तर वरचे सूर मागे जाऊच देत नाहीत. आपल्या बऱ्याच सार्वजनिक व्यवस्थांचं हेच दुखणं आहे. बासचे खोके मात्र मामांनी जमिनीवरच ठेवले. "बास जमिनीवरच चांगला घुमतो. आणि तो एकट्याने वर न्यायचा नसतो." काय उचलायचं नाही, हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. मी आयुष्यात हा विचार उचलल्यानंतरच केला आहे.

मदत त्यांनी एकच मागितली. भोवती दोरी बांधली आणि म्हणाले, "काका, तुम्ही इथे उभे राहा. दोरीच्या आत कुणाला येऊ देऊ नका. मला वर बघायचं आहे, तुम्ही खाली बघा." पोरं आत शिरत होती, मी हाकत होतो. एकट्याने काम करणाऱ्या माणसालाही डोळ्यांची एक जोडी उसनी लागते.

सात वाजायला दहा मिनिटं होती. एक खोका वर गेला होता, दुसरा नुकताच उंचीवर पोचला होता. अध्यक्षांचा तिसरा फोन आला. मामा खिशात पिन चाचपत होते. बोटाएवढी लोखंडी पिन, नळीच्या भोकातून आरपार घालायची, आणि मग लिफ्ट केसभर खाली सोडायची, म्हणजे भार दोरावरून निघून पिनेवर बसतो. भोक काही समोर येत नव्हतं. मी म्हणालो, "मामा, राहू द्या हो ती पिन. ब्रेक आहे ना? कोण बघतंय?"

मामा रागावले नाहीत. भोक शोधता शोधता म्हणाले, "काका, पिन माझ्यासाठी नसते. मी आता टेम्पोत जाऊन चहा पिणार. खाली तुमची पोरं नाचणार."

पिन बसली. आरती सात चाळीसला सुरू झाली. मी टाळ्या वाजवत होतो, पण मनात ट्रंक होती.

'पडलो तर मी पडेन' असं म्हणणारा माणूस हिशेबात एकच डोकं धरतो, स्वतःचं. मग तो स्वतःला शूर समजतो, आणि सावधपणे काम करणाऱ्याला भित्रा. पण वजन असं एकट्यापुरतं पडत नाही. खाली कुणीतरी असतंच. न बोलावता स्टूल धरायला आलेलं, किंवा तासाभराने नाचायला येणारं. त्यांनी हा धोका पत्करलेला नसतो. तो आहे, हेही त्यांना माहीत नसतं. स्वतःचा जीव धोक्यात घालायचा हक्क मला असेलही. तत्त्वज्ञांनी तो वाद घालावा. दुसऱ्याचा अंगठा धोक्यात घालायचा हक्क मला कुणी दिला?

बरं, हा हिशेब मोठमोठ्या संस्थांनाही एकदम जमलेला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली शिफारस केली, की प्रौढ पुरुषाने हातांनी नेहमी वाहायचं ओझं 55 किलोंहून जास्त नसावं. 1991 साली अमेरिकेतल्या सरकारी संशोधन संस्थेने उचलण्याचं गणित नव्याने मांडलं, तेव्हा अगदी आदर्श परिस्थितीतला आकडा 23 किलो निघाला. दोन्ही आकडे एकाच मापाचे नाहीत, तरी चोवीस वर्षांत माणूस काही निम्मा झाला नव्हता. मणक्यांना विचारायचं असतं, एवढं मधल्या काळात लक्षात आलं.

तुम्ही विचाराल, मग पुढे काय झालं? काहीच झालं नाही. मधे एक दिवस वारा सुटला, तेव्हा मामा बोलावल्याशिवाय आले आणि खोके खाली उतरवून गेले. त्या संध्याकाळी आमची तंबोला बिनमाइकची झाली. विसर्जनापर्यंत ब्रेकही सुटला नाही आणि दोरही तुटला नाही. म्हणजे पिन नसती तरी चाललं असतं, असंही म्हणता येईल. सावधगिरीची हीच पंचाईत आहे. न झालेल्या अपघाताचा फोटो निघत नाही, आणि त्याचा सत्कारही होत नाही.

सत्कार राहू द्या, आढावा बैठकीत चौकशी झाली. आरती चाळीस मिनिटं उशिरा का? अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या वर्षी स्पीकरवाला बदलू या. माणसं आणत नाही आणि वेळ पाळत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या हातात पुन्हा चहाच होता.

मी कप खाली ठेवला आणि उभा राहिलो. म्हणालो, "मामांनी साडेसातची वेळ चार वाजताच सांगितली होती. मी ती पुढे सांगितली नाही. शिवाय पिन लावू नका, असंही मीच म्हणालो होतो. त्यांनी ऐकलं नाही म्हणून बरं." सभेत शांतता पसरली. कोषाध्यक्षांनी 'पिन' हा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा ते विचारलं. स्पीकरवाला बदलायचा ठराव मात्र बारगळला.

घरी येताना मला पुन्हा गोवर्धन आठवला. कृष्णाने करंगळीवर पर्वत तोलला, तेव्हा गोपांनी खालून काठ्या लावल्या होत्या. त्या काठ्यांना आपण आजवर हसत आलो. देवाने उचललेल्या पर्वताला यांच्या काठ्या कशाला? मला आता वाटतं, त्या गोपांत एखादे मामा असणार. वरचा साक्षात देव असला, तरी खाली आपली पोरं आहेत, एवढं त्यांना दिसत होतं. आणि कृष्णानेही "काढा त्या काठ्या" असं म्हटलेलं नाही.

जिना चढताना मी सौ.ला म्हणालो, "ती ट्रंक माझ्या हातून पडली होती."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "अंगठा माझा होता."

दोन पायऱ्या चढून ती थांबली. "अहो, दिवाळीची भांडी माळ्यावरून काढायची आहेत. शेजारच्या मुलाला हाक मारू का?"

"मीच मारतो," मी म्हणालो.