वीणा आणि संग्रह

संग्रह करणे हा दोष आहे काय? साधकाच्या घरी चार वस्तू जास्त दिसल्या की आपण चटकन बोट दाखवतो. एका दूरच्या उदाहरणावरून हा प्रश्न तपासून पाहू.

पूर्वी फ्रान्समध्ये तांब्याच्या किंवा सोन्याच्या इवल्याशा पत्र्यावर मीनाकारीने माणसांची मुखचित्रे काढीत. पांढऱ्या काचेची पूड वितळवून पत्र्यावर थर बसवायचा, त्यावर बारीक कुंचल्याने रंग भरायचे आणि पुन्हा पुन्हा भट्टीत घालायचे. आच चुकली की सारे श्रम वाया. साधले तर तो रंग शतकानुशतके उडत नाही. झाँ पेतितो (१६०७–१६९१) हा यातला श्रेष्ठ कारागीर. फ्रान्सचा चौदावा लुई राजा आपले असे चित्र हिऱ्यांच्या कोंदणात बसवून भेट देई. पुढे लोकांनी हिरे काढून विकले. राजाच्या मुखापेक्षा हिऱ्यांना मोल आले!

लंडनचे जॉन जोन्स हे सैन्याचे गणवेश शिवून देणारे शिंपी. शिंपी म्हटले की आपल्याला नामदेवराय आठवतात. या शिंप्याने स्वकमाईतून फ्रेंच कलावस्तू जमवल्या, त्यांत पेतितोची चित्रेही होती. १८८२ साली ते वारले. संग्रह त्यांनी मृत्युपत्राने लंडनच्या सार्वजनिक संग्रहालयाला दिला होता. आज तो कोणालाही पाहता येतो.

कोणी म्हणेल, मरताना सर्वांनाच सोडावे लागते, त्यात थोरवी कसली? शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपल्या सप्ताहात आहे. अखंड हरिनामात वीणा खाली ठेवत नाहीत. विणेकरी आपल्या पहाऱ्यापुरती ती गळ्यात घेतो, जिवापाड जपतो आणि वेळ होताच पुढच्याच्या गळ्यात घालून त्याच्या पाया पडतो. वीणा माझी, असे तो म्हणत नाही. म्हणून जपण्यात उणेही पडू देत नाही.

दोष वस्तूत नाही, जपण्यातही नाही. ‘माझे’ म्हणून मूठ आवळली की दोष सुरू होतो. ही मूठ शेवटच्या दिवशी एकाएकी सैल होत नाही. तिला रोज सवय लावावी लागते. चित्र असो, शेत असो, लेकरू असो, आपल्याकडे पहारा आहे. माउली, तो मनापासून करावा आणि पुढचा आला की हसतमुखाने वीणा द्यावी.

रामकृष्णहरी.