दूरचे घर आणि अमानत



गेल्या वर्षी रमजानच्या आधी आमच्या जमातीतील एका बांधवांचा दुबईहून फोन आला. रायगड जिल्ह्यात समुद्रकाठच्या गावी त्यांच्या वडिलांनी बांधलेले जांभ्याचे कौलारू घर आहे. आईवडिलांच्या पश्चात ते बंद होते आणि बंद घर कोकणच्या पावसात किती लवकर खचते, हे आपणांस सांगावयास नको. म्हणून त्यांनी ते मुंबई-पुण्याच्या पर्यटकांना दोन-दोन दिवसांसाठी भाड्याने देण्यास सुरुवात केली. नोंदणी मोबाइलवर, पैसे बँकेच्या खात्यात आणि किल्ली गावातील एका राखणदाराकडे, अशी व्यवस्था होती. काही महिने सुरळीत गेले. मग शेजाऱ्यांनी कळवले, की उतरलेले पाहुणे रात्री मद्य पितात. त्यांचे मला दोन प्रश्न होते. हे उत्पन्न मला हलाल आहे काय? आणि माजघरात कोणाला दिसणार नाही असा कॅमेरा बसवला तर चालेल काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी तिथल्या तिथे दिले. घर राहण्यासाठी दिले आणि राहण्याचेच भाडे घेतले, तर पाहुण्याने आपल्या मनाने केलेल्या गुन्ह्यामुळे ते भाडे हराम ठरत नाही. गुन्हा करणाऱ्याच्या माथी राहतो. मात्र अमुक मंडळी मद्यपानासाठीच येत आहेत हे ठाऊक असताना घर देणे म्हणजे पापाच्या कामात हातभार लावणे होय, आणि सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीत अल्लाहने त्याची मनाई केली आहे. दुसऱ्या प्रश्नावर मी घाईने म्हणालो, "घर तुमचे आहे, बसवा." फोन ठेवल्यावर मात्र मनाला स्वस्थता लाभेना. दोन दिवसांनी मीच फोन करून ते उत्तर मागे घेतले. ते का, हे आज आपणांस सांगावयाचे आहे. कारण कोकणातील कितीतरी घरांचे मालक आज आखाती देशांत आहेत आणि हा व्यवसाय नव्याने करू पाहणारे पुष्कळ आहेत.

मदरशात 'इजारा' म्हणजे भाडेकराराचा अध्याय शिकताना पहिली गोष्ट शिकवली जाते ती ही, की भाड्याने वस्तू दिली जात नाही, तिचा उपयोग दिला जातो. मुदत ठरलेली हवी, मोबदला ठरलेला हवा. कोकणातील आपल्या शाफई बांधवांत आणि घाटावरील हनफींत याविषयी मतभेद नाही. याचा अर्थ असा, की शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क पाहुण्याचा आहे. भिंती आपल्या असल्या तरी त्या दोन दिवसांपुरते ते त्याचे घर आहे. आणि दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्यावाचून व सलाम केल्यावाचून शिरू नये, हा सूरह नूरचा आदेश मालकालाही लागू होतो. राखणदाराने दार न वाजवता आत जाऊ नये, हे त्यातून ओघाने आलेच. मग दुबईत बसून, पाहुण्याच्या नकळत, त्याच्या कुटुंबाच्या बैठकीत डोळा लावून बसणे हे काय झाले? सूरह हुजुरातमध्ये ज्या हेरगिरीपासून ईमानधारकांना रोखले आहे, तीच ही.

हजरत उमर (रजि.) यांची एक घटना इमाम गझाली यांनी 'इह्या'मध्ये नोंदवली आहे. ते रात्रीच्या गस्तीवर असताना त्यांना एका घरात गैरकृत्याचा संशय आला आणि ते भिंत ओलांडून आत गेले. घरमालक अपराधी होताच. पण तो म्हणाला, की मी एक चूक केली असेन, आपण तीन केल्यात. आपण हेरगिरी केलीत, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि परवानगी व सलामावाचून आत आलात. खलीफांनी ते मान्य केले. ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनाही तो मार्ग मोकळा नव्हता, तर तो आपल्याला केवळ घरभाड्याच्या पावतीने कसा मोकळा होईल?

याचा अर्थ दूर असलेल्या मालकाने हात बांधून बसावे, असा नव्हे. आपले नियम नोंदणीपूर्वीच स्पष्ट मराठीत लिहावेत. घरात मद्य चालणार नाही, रात्री दहानंतर स्पीकर लावता येणार नाही, गाड्या शेजाऱ्यांच्या वाटेत उभ्या करता येणार नाहीत, हे ज्याला मान्य असेल त्यानेच यावे. नियम सर्वांना सारखे असावेत. नाव पाहून ते सैल किंवा कडक होऊ नयेत. बाहेरच्या फाटकावर कॅमेरा लावावयाचा असेल तर तो आहे हे आधी सांगावे. शेजाऱ्यांची तक्रार आली तर राखणदाराने दारावर थाप मारून, बाहेर उभे राहून, सभ्यपणे बोलावे. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही त्याच्या ईमानाविषयी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी किती कठोर शब्द वापरले आहेत, हे आपण जाणता. पाहुणा दोन दिवसांनी निघून जातो, पण शेजाऱ्याला त्या भिंतीलगत बारा महिने राहावयाचे असते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा मी त्या बांधवांना विचारले, "राखणदाराला काय देता?" ते म्हणाले, "पाहुणे आले की प्रत्येक खेपेस तीनशे रुपये." मी विचारले, "आणि पावसाळ्यात?" त्यांनी उत्तर दिले, "तेव्हा पाहुणेच नसतात." परंतु जून ते सप्टेंबर त्या घराच्या खिडक्या ऊन पडताच कोण उघडतो? सरकलेले कौल कोण बसवतो? विहिरीवरचा पंप चालतो की नाही हे कोण पाहतो? ते काही क्षण गप्प राहिले. पाहुण्याच्या गुन्ह्याची त्यांना झोप उडवणारी चिंता होती. चार महिन्यांच्या न दिलेल्या मजुरीची नव्हती. मजुराकडून पूर्ण काम घेऊन त्याची मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल, असे सहीह बुखारीतील हदीसमध्ये आले आहे. दूरच्या घराची व्यवस्था करताना पहिला खर्च कॅमेऱ्याचा नसून राखणदाराच्या ठरलेल्या मासिक वेतनाचा आहे. आपल्यापैकी प्रत्येक जण रक्षक आहे आणि प्रत्येकाला आपल्या रक्षणाखालील गोष्टींविषयी विचारले जाईल, या हदीसमध्ये मालकाची मालमत्ता सांभाळणाऱ्या सेवकाचाही उल्लेख आहे. राखणदाराला त्याच्या अमानतीविषयी विचारले जाईल, तसे आपल्याला राखणदाराविषयी विचारले जाईल.

तीच गोष्ट घराच्या वर्णनाची. छायाचित्रे डिसेंबरात काढलेली असतात आणि पाहुणा जुलैत येतो, तेव्हा भिंतीला ओल व बुरशी असते. बाजारातील धान्याच्या ढिगात प्रेषितांनी (सल्ल.) हात घातला तेव्हा आतील धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. प्रेषितांनी त्याला पावसाबद्दल दोष दिला नाही. लोकांना दिसावे म्हणून भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, हे विचारले. आपणही ओल वर ठेवावी. वीज जाते, एप्रिल-मे महिन्यांत पाणी जपून वापरावे लागते, शेवटचा रस्ता अरुंद आहे, हे आधीच लिहावे. शक्य असल्यास पहिला पाहुणा येण्यापूर्वी मालकाने स्वतः तेथे दोन रात्री पाहुण्यासारखे राहावे, प्रत्येक नळ उघडून पाहावा, प्रत्येक अंथरुणावर झोपून पाहावे.

अनामत रकमेचेही असेच आहे. हा मराठी शब्द अरबी 'अमानत'वरूनच आला आहे, आणि फिकहनुसार भाडेकरूही अमानतदार असतो. त्याने हयगय किंवा मर्यादाभंग केला नसेल तर वापरताना झालेल्या मोडतोडीची भरपाई त्याच्यावर येत नाही. तुटलेली खुर्ची दुबईहून दिसत नाही, म्हणून शेवटच्या पाहुण्याचे पैसे कापून घेणे सोपे असते. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. प्रत्येक पाहुणा गेल्यावर राखणदाराने घर पाहून नोंद करावी आणि जिथे नोंद नाही तिथे रक्कम परत करावी.

सूरह नूरमध्येच पुढे २९ व्या आयतीत, ज्या घरांत कोणी कायम राहत नाही पण ज्यांत तुमच्या उपयोगाची सोय आहे, अशा घरांत जाण्यास हरकत नसल्याचे सांगितले आहे. अनेक भाष्यकारांनी यात प्रवाशांसाठीच्या सरायांचा समावेश केला आहे. आपली कोकणातील घरे आज तशीच झाली आहेत. त्या आयतीचा शेवट मात्र थांबून वाचण्यासारखा आहे: जे तुम्ही उघड करता आणि जे लपवता, ते अल्लाह जाणतो. प्रवाशाला उद्देशून आलेली ही जाणीव सरायच्या मालकालाही तेवढीच आहे.

त्या बांधवांनी कॅमेरा बसवला नाही. राखणदाराचे वेतन त्यांनी बारा महिन्यांचे ठरवले, मागील चार महिन्यांचेही दिले आणि शेजाऱ्यांना स्वतः फोन केला. पाहुण्यांतील सर्वच नियम पाळतात असे नाही. दुबईहून त्यांना आपले घर आजही दिसत नाही. पण आपल्याला अल्लाह दिसत नसला तरी तो आपल्याला पाहतो, हे जे एहसानचे लक्षण हदीसमध्ये सांगितले आहे, ते नमाजपुरते नाही, हे त्यांना उमगले आणि त्यांच्या निमित्ताने मलाही.

अल्लाह आपणा सर्वांना दूरच्या आणि जवळच्या अमानती जपण्याची तौफीक देवो. आमीन.