एकदाच जातोय

नदीत उतरायला आलेल्या जनावरांच्या वाटेत माणसं उभी होती. गाड्यांतून उतरलेली, टोप्या सावरत मोबाइल उंच धरलेली माणसं. आफ्रिकेतल्या मारा नदीकाठचा तो व्हिडिओ या आठवड्यात पुन्हा घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय, म्हणून त्याचं वर्णन करत बसत नाही. मला राग आला तो त्याच्याखाली लिहिलेल्या एका वाक्याचा. तेच वाक्य रविवारी ठाण्याला मामेभावाच्या घरी ऐकायला मिळालं: "अरे, माणूस आयुष्यात एकदाच जातो तिथे."

दादा आणि वहिनी ऑगस्टमध्ये केनियाला निघालेत. जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी, ते पिवळं कार्ड पासपोर्टात. छोट्या विमानात सामान १५ किलो, तेही मऊ बॅगेत. मारा अभयारण्यात जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाचे २०० डॉलर. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे हे वहिनींनी वाचलं होतं. चिवड्याला आणि खाकऱ्याला त्यांनी स्टीलचे डबे बाजूला काढले होते. एवढ्या बारकाईने तयारी करणाऱ्या माणसांबद्दल मला आदरच वाटतो. मग दादा म्हणाला, "तीन दिवसांत मारा कव्हर होतं, पुढे नाकुरू, मग अंबोसेली."

कव्हर. या शब्दाने माझं डोकं उठतं. युरोप कव्हर, चारधाम कव्हर, आता जंगलही कव्हर. ज्या जागेवर आपण झाकण टाकून निघतो, तिथे आपण नेमकं काय पाहिलेलं असतं?

पण मुद्दा 'एकदाच' या शब्दाचा. हे वाक्य बोलणारा माणूस त्या एका वाक्यात स्वतःला सगळ्या नियमांतून सोडवून घेतो. मारामध्ये नियम साधे आहेत. गाडीतून उतरायचं नाही, रस्ता सोडायचा नाही, शिकारी प्राण्याजवळ एका वेळी पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, अंतर २५ मीटर. हे सगळं तो निघण्यापूर्वी वाचतो आणि मान डोलावतो. समोर चित्ता आला की मात्र 'एकदाच' सुरू होतं. हाच माणूस कास पठारावर फुलांत बसून फोटो काढताना म्हणाला होता की इतक्या लांब पुन्हा कोण येतंय. ताडोबात जिप्सी पुढे घ्यायला लावताना म्हणाला होता की सुट्टी परत मिळत नाही. पुढच्या वर्षी तो आइसलँडला जाणार आहे, तिथेही एकदाच. ज्याचं 'एकदाच' दर वर्षी येतं, त्याची सबब मी कशी मान्य करू? आणि खरंच एकदाच जात असेल, तर त्या एका खेपेला तरी नीट वागायला काय हरकत आहे? कुणाच्या घरी आपण जन्मात एकदाच जेवायला गेलो, म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात शिरून भांडी उघडत नाही.

शिवाय ज्याच्यासमोर आपण एकदाच जातो, त्याच्यासमोर कुणी ना कुणी रोज 'एकदाच' आलेलं असतं. चित्त्याचंच पाहा. सिंह आणि तरस त्याचा घास हिसकावतात, म्हणून तो बहुतेक शिकार दिवसा करतो. नेमक्या आपल्या फिरण्याच्या वेळी. पिल्लांना गवतात लपवून मादी निघते, धावते, शिकार साधली तरी धापा टाकत पडून राहते, लगेच खाऊही शकत नाही. त्याच वेळी भोवती गाड्या गोळा होतात. मारातल्या चित्त्यांवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पर्यटक कमी असलेल्या भागात एका वेतातली सरासरी दोनाहून जास्त पिल्लं मोठी झाली. जिथे पर्यटकांची दाटी होती तिथे ही सरासरी ०.२१ होती. म्हणजे साधारण पाच वेतांमागे एक पिल्लू. यात कुणी बंदूक चालवलेली नाही. शिकार तर केनियात १९७७ पासूनच बंद आहे. हे सगळं फक्त पाहायला आलेल्या माणसांच्या गर्दीत घडलं.

तरी आपण यादी घेऊन फिरतो ती शिकाऱ्यांचीच. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस हे 'बिग फाइव्ह' म्हणजे पायी शिकार करायला सर्वांत धोक्याचे पाच प्राणी. बंदूक गेली, यादी राहिली. दादाच्या कागदावर पाचांपुढे चौकोन काढलेले होते, खूण करायला. त्या यादीत जिराफ बसत नाही, आणि नदी ओलांडणारं वाइल्डबीस्टही नाही.

मी तिथे गेलो होतो तो सप्टेंबरचा महिना. नदीच्या अलीकडे आमची गाडी झाडाखाली उभी, इंजिन बंद. पलीकडच्या काठावर हजारो जनावरं येऊन थांबलेली. सर्वांत पुढची मादी कडेवरून खाली उतरली, पाण्याला नाक लावलं, पुढचा एक पाय पाण्यात टाकला आणि काढून घेतला. तिच्या गुडघ्याखाली चिखल लागला होता आणि कातडी थरथरत होती. मागून रेटा येत होता, धुरळा तिच्या पाठीवर बसत होता. ती तशीच उभी राहिली. मग आमच्या डाव्या हाताला तीन गाड्या पुढे सरकून थेट काठावर आल्या, दारं वाजली. ती वळली. ती वळल्यावर मागचा सगळा कळप वळला. आम्ही चार तास बसलो, कुणीही नदी ओलांडली नाही. आमचा ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "हराका हराका हैना बराका." घाईघाईत बरकत नाही. आपलाच 'बरकत' शब्द त्याच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला. सफारी हाही मुळात आपल्या 'सफर'चा भाऊ, स्वाहिलीत त्याचा अर्थ नुसता प्रवास. त्यात प्राण्यांची हमी कुठेच नाही.

त्या दिवशी ती जनावरं परत गेली, एवढंच. पण कळप पाण्यात असताना समोरची चढण गाड्यांनी अडवली, तर पोहत आलेल्या जनावरांना माघारी फिरावं लागतं, आणि पाण्यात मगरी असतात. वासरांची आणि आयांची ताटातूट होते. तेरा-चौदा लाख जनावरांच्या या स्थलांतरात मृत्यू आहेच, तो निसर्गाचा हिशेब. त्यात आपल्या घाईची भर कशासाठी?

"सगळेच उतरले होते", "एवढे पैसे मोजलेत" यांवर मी शब्द खर्च करणार नाही. "ड्रायव्हरनेच नेलं" याबद्दल मात्र बोलतो, कारण त्यात गरीब माणूस अडकतो. त्या ड्रायव्हरचा हंगाम टिपवर आणि आपण लिहिलेल्या शेऱ्यावर चालतो. मागच्या सीटवरून कुणी "अजून थोडं पुढे" म्हणालं की त्याला नियम आणि घर यांत निवड करावी लागते. आपल्याकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात २०२४ च्या शेवटच्या दिवशी वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींच्या कोंडाळ्यात अडकले होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. निलंबन झालं ते जिप्सीचालकांचं आणि गाइडचं. मागे बसलेली मंडळी व्हिडिओ घेऊन घरी गेली.

जाऊ नका असं मी म्हणत नाही. त्या २०० डॉलरांवर आणि तंबूंच्या भाड्यावर तिथली पुष्कळ घरं चालतात. अभयारण्याला लागून मसाई कुटुंबांनी आपल्या जमिनी भाड्याने देऊन राखलेली जंगलं आहेत. तिथे गाड्या मोजक्याच सोडतात आणि गवताला श्वास घ्यायला जागा मिळते. थोडे दिवस कमी करून, एक ठिकाण गाळून तिथे राहता येतं. दादाला मी हे सांगितलं. नाकुरू सोडायला तो तयार नाही. प्रत्येकाला काहीतरी सोडवत नाहीच.

निघताना वहिनींनी मला पुन्हा बसवलं आणि त्या मादीबद्दल विचारलं. ती नंतर कधी पलीकडे गेली का? मला माहीत नव्हतं. त्यांनी पेन घेतलं आणि कामांच्या यादीत, पीतज्वराच्या लशीखाली, एक ओळ वाढवली: 'ड्रायव्हरला पहिल्याच सकाळी सांगणे, आम्हाला घाई नाही.' दादाने ती वाचली, चष्मा काढून पुसला, आणि खोडली मात्र नाही.