हवा कुठून शिरते?

वाडीला, अमरावती रोडवर, एक जुना टाटा ट्रक चढाला दम टाकायचा. मालकाचा निकाल तयार होता: ड्रायव्हरनं डिझेल विकून टाकीत रॉकेल ओतलं. पगार कापला. मिस्त्री म्हणाला, "थांबा न भाऊ, पाहू तर द्या."

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबानं तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की पेटतं. पण पंपात बुडबुडा शिरला तर दाबला जातो तो बुडबुडाच. नोझल नीट उघडत नाही. आणि फीड पंपाच्या अलीकडची नळी डिझेल ओढून घेते. तिथे चीर पडली तर चालत्या गाडीत बाहेर थेंब येत नाही, आत हवा जाते. डाग न ठेवणारा दोष. मग डाग माणसावर पडतो.

मिस्त्रीनं टाकीतलंच डिझेल कॅनमध्ये काढलं, नवी नळी लावून फीड पंप थेट त्याला जोडला, हवा काढली. गाडी पळाली. म्हणजे डिझेल चांगलं, पंपही चांगला. गुन्हेगार निघाला कडक झालेला रबरी पाइप.

"मला खरंच तसं वाटलं होतं," मालक म्हणाला. खोटं बोलत नसावा. पण विल्यम क्लिफर्डनं 1877 साली एका जहाजमालकाबद्दल लिहिलं होतं: जहाज धड आहे असं त्याला मनापासून वाटतं, पण तपासलेलं नसतं. जहाज सुखरूप पोहोचलं, तरी क्लिफर्डच्या लेखी तो दोषीच. मला हे आधी फार कडक वाटायचं.

कापलेले पैसे परत मिळाले. माफी कुणी मागितली नाही. मी तिथेच चहा पीत होतो, आणि चोरीची गोष्ट मलाही लगेच पटली होती.